घरी शिकणाऱ्या दोन मुलांचा इतिहास-भूगोल: एका निवडीचं प्रकरण

"ताई, इतिहास-भूगोलाचं एकच पुस्तक सांगा, पण दोघांना चालेल असं." जुन्नर तालुक्यातल्या एका आईने मला हे विचारलं, तेव्हा तिची मुलगी तेरा वर्षांची होती आणि मुलगा नऊ वर्षांचा. दोघंही घरीच शिकत होते. गणित आणि भाषा यांचं तिचं बरं चाललं होतं. अडत होतं ते इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्रापाशी. घरी मुलांना शिकवणाऱ्या पालकांसोबत मी काम करते आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. या घरात तो कसा सुटत गेला ते सविस्तर लिहिते आहे, कारण इथे जे पर्याय समोर होते तेच महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांसमोर असतात.

आई डी.एड. झालेली, लग्नाआधी काही वर्षं शाळेत शिकवलेली. वडिलांचं ठिबक सिंचनाच्या साहित्याचं दुकान. आजोबा निवृत्त तलाठी. घरची आणि शिकण्याची भाषा मराठी; मुलगी इंग्रजी वाचायची, पण अडखळत. पाचवीनंतर तिची शाळा सुटली होती. सहावी-सातवीचा इतिहास तिने घरी गाइडवरून केला होता, म्हणजे रिकाम्या जागा, जोड्या आणि 'कारणे द्या'. मी तिला सातवाहनांबद्दल विचारलं, तर राजाचं नाव आलं, राजधानी आली आणि गाडी थांबली. नाणेघाट, म्हणजे सातवाहनांचा लेख असलेली जुनी व्यापारी घाटवाट, तिच्या घरापासून गाडीने फार लांब नाही. तो आणि पुस्तकातले सातवाहन यांचा काही संबंध आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला सर्वांत जास्त टोचलं ते हे.

दहावीचा प्रश्न आधी

वडिलांना पुस्तकाशी देणंघेणं नव्हतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "दहावीला जे येतं तेच आत्तापासून करून घ्या." ही भीती खोटी नाही, आणि ती बाजूला सारून अभ्यासक्रमाची निवड करताच येत नाही. म्हणून आम्ही पुस्तकांकडे वळण्याआधी परीक्षेचे रस्ते समोर मांडले.

राज्य मंडळाची दहावी खासगी विद्यार्थी म्हणून, म्हणजे १७ नंबरचा अर्ज भरून द्यायची असेल, तर सामाजिक शास्त्रं सोडता येत नाहीत. इतिहास व राज्यशास्त्र ४० गुण, भूगोल ४० आणि अंतर्गत मूल्यमापन २०. हा रस्ता धरला तर नववी-दहावीला बालभारतीची पुस्तकं हाच अभ्यासक्रम, त्यात निवडण्यासारखं काही उरत नाही. एनआयओएसचा, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा रस्ता वेगळा आहे. तिथे माध्यमिकला बसायला वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. पाच विषय घ्यायचे, त्यांत किमान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. सामाजिक शास्त्र हा तिथला २१३ क्रमांकाचा विषय आहे, आणि तो ऐच्छिक आहे.

हे ऐकल्यावर वडिलांचा चेहरा सैल झाला. "मग सोडूनच देऊ की तो विषय. चित्रकला घेऊ, डेटा एंट्री घेऊ." घरी शिकणारी बरीच कुटुंबं हेच करतात. पाठांतर नको, लिखाण कमी, गुण बरे. पेपर सोडण्याला माझा विरोध नाही. पण पेपर सोडला की विषयही घरातून जातो, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे, आणि ते मला मान्य नाही. आपण राहतो त्या गावाचा कारभार कुणाच्या हातात आहे, आपली जमीन आपली कशी झाली, आपल्या आधी इथे कोण राहत होतं, हे न कळता मूल मोठं होऊ नये. उलट पेपर ऐच्छिक आहे म्हणूनच हा विषय गुणांचा विचार न करता, हवा तसा शिकवण्याची मोकळीक या आईला होती. तेरा ते पंधरा अशी दोन वर्षं मोकळी होती. पेपर घ्यायचा की नाही हे त्या दोन वर्षांच्या शेवटी मुलीनेच ठरवावं, एवढ्यावर वडील तयार झाले.

टेबलावरचे पर्याय

पहिला पर्याय बालभारती. मराठीत, स्वस्त, पीडीएफ फुकट. इयत्ता तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक तर जिल्हावार आहे. पुणे जिल्ह्याचं वेगळं, रत्नागिरीचं वेगळं. चौथीला शिवछत्रपती, पाचवीला माणसाच्या उत्क्रांतीपासूनचा इतिहास, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग, आठवीला आधुनिक भारत ते महाराष्ट्र राज्याची निर्मिती. अडचण अशी की इयत्तेप्रमाणे गेलं तर नऊ वर्षांचा मुलगा शिवकाळात आणि तेरा वर्षांची मुलगी १८५७ मध्ये. शिकवणारी एकच, आणि तयारी दोन वेगळ्या काळांची. शिवाय शिवपूर्व महाराष्ट्र आणि मराठेशाही भरपूर असली तरी जगाचा इतिहास अगदी थोडा.

दुसरा एनसीईआरटीची नवी पुस्तकं. सहावीचं पुस्तक २०२४ मध्ये आलं; इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र एकाच पुस्तकात गुंफलेलं. मांडणी मला आवडते. पण ते मराठीत नाही. तिसरा एनआयओएसचं माध्यमिकचं साहित्य. त्यात प्राचीन, मध्ययुगीन आणि आधुनिक जगावर सलग धडे आहेत, पुढे ब्रिटिश राजवट आणि राष्ट्रीय चळवळ, मग भूगोल, मग संविधान आणि शासनव्यवस्था. तेरा वर्षांच्या मुलीला सुरुवातीलाच ते जड जाणार हे उघड होतं. चौथा एका ओळखीच्या कुटुंबाकडून आलेला परदेशी होमस्कूलिंगचा तयार संच. चार वर्षांत प्राचीन काळापासून आजपर्यंतचं जग, रोजचे धडे आखून दिलेले, घरातली सगळी मुलं एका वेळी एकाच काळात. आईचा ओढा याच्याकडे होता, आणि का ते समजण्यासारखं आहे. थकलेल्या माणसाला आखून दिलेला दिवस हवा असतो. पण त्यात भारत पाहुण्यासारखा येऊन जात होता, आणि नागरिकशास्त्र तर पूर्ण दुसऱ्या देशाचं होतं.

एकच विषय, चार पुस्तकं

पुस्तकं चाळून निवड करू नका, असं मी आईला सांगितलं. अनुक्रमणिका सगळ्यांच्याच सुंदर असतात. एक विषय घ्या, तो चारही ठिकाणी मुलीसोबत बसून वाचा आणि ती काय विचारते तेवढंच लिहून ठेवा. विषय ठरला गावाचा कारभार.

परदेशी संचात तो अर्थातच नव्हता. बालभारतीच्या सहावीच्या नागरिकशास्त्रात होता: ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य, ग्रामसभा, पंचायत समिती, जिल्हा परिषद. थोडक्यात आणि नीट. मुलीने वाचलं, समजलं, प्रश्न शून्य. एनसीईआरटीमध्ये खऱ्या सरपंचांची उदाहरणं होती, त्यांत आपल्या हिवरे बाजारचंही. ते तिला आवडलं, पण आईला ओळ न् ओळ मराठीत सांगावी लागत होती आणि दोघी दमल्या. एनआयओएसचा धडा ७३व्या घटनादुरुस्तीपासून, म्हणजे ज्या दुरुस्तीने पंचायतींना संविधानात स्थान दिलं तिथपासून, सुरू होऊन पुढे जात होता. दोन पानांत तिने पुस्तक मिटलं.

मग आजोबा तिला ग्रामपंचायतीत घेऊन गेले. तिथल्या फळ्यावर पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून गावाला येणाऱ्या निधीच्या, कामांची यादी होती. पाण्याच्या टाकीला पैसे, गटाराला पैसे, आणि तिच्या घरासमोरचा रस्ता मात्र तसाच. "रस्त्याला का नाही, भाऊसाहेब?" असं तिने ग्रामसेवकांना विचारलं. त्यांनी तिला शांतपणे समजावलं की या निधीचे दोन भाग असतात, बंधित आणि अबंधित. ६० टक्के बंधित, तो पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाच्या बाकीच्या गरजा. रस्ता हवा असेल तर विकास आराखड्यात तो यायला हवा, आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो.

घरी आल्यावर तिने बालभारतीतलं ग्रामसभेचं पान पुन्हा काढलं. त्यानंतर मिटून ठेवलेला एनआयओएसचा धडाही, पंचायतीला पैसा कुठून येतो हे शोधायला. आईच्या वहीत त्या दिवशीचे प्रश्न पान भरून होते. गावात कोण जास्त बोलतं, बायका ग्रामसभेला का येत नाहीत, सरपंचपद कुणासाठी हे चिठ्ठी काढून का ठरतं.

हा शेवटचा प्रश्न घरात थोडा अवघड झाला. आरक्षणाची सोडत समजावायची तर जात समजावावी लागते, आणि आईला त्यावर मुलांशी काय बोलावं हे सुचेना. कोणताही अभ्यासक्रम घेताना पालकांनी हे पान आधी उघडून पाहावं असं मी आग्रहाने सांगते. जातीबद्दल, अस्पृश्यतेबद्दल, मुलींच्या शिक्षणबंदीबद्दल पुस्तक काय म्हणतं? मुलीच्या गाइडमध्ये त्या जागी जोड्या लावा होतं: एका बाजूला समाजसुधारक, दुसऱ्या बाजूला संस्था. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढणं म्हणजे कुणाचा रोष ओढवून घेणं होतं, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी पिण्यासाठी माणसांना एकत्र का जावं लागलं, हे त्या जोड्यांत कुठेच नव्हतं. पुस्तक इथे गप्प असेल तर बोलायचं काम घराला करावं लागतं, आणि या आईने ते केलं. महिलांसाठी किमान एकतृतीयांश जागा घटनादुरुस्तीने दिल्या, महाराष्ट्राने २०११ मध्ये त्या ५० टक्के केल्या, हे सांगताना तिने स्वतःच्या आईचं शिक्षण कितवीला आणि का थांबलं तेही सांगितलं.

जे ठरलं

एकच पुस्तक सापडलं नाही, पण एकच धागा सापडला. बालभारतीच्या सहावी ते नववी या इतिहासाच्या पुस्तकांत सुरुवातीलाच इतिहासाच्या साधनांवर धडा आहे. लेख, नाणी, कागदपत्रं, वास्तू, मौखिक परंपरा. परीक्षेत गुण कमी म्हणून हा धडा सगळीकडे घाईत उरकला जातो. आम्ही तोच कणा केला. दर विषयाला एक प्रश्न कायमचा: हे आपल्याला कशावरून कळलं?

त्यावर पुढची मांडणी बसली. दोन्ही मुलं एका वेळी एकाच काळात. पहिलं वर्ष पाचवी, सहावी, सातवीचा इतिहास सलग, आणि प्राचीन व मध्ययुगीन जगासाठी एनआयओएसचे ते दोन धडे आईने आधी वाचून सोप्या भाषेत सांगायचे. दुसरं वर्ष आठवीचं पुस्तक आणि एनआयओएसचे आधुनिक जग, ब्रिटिश राजवट, राष्ट्रीय चळवळ. लिखाण फक्त मुलीला. मुलाने ऐकायचं, चित्रं काढायची आणि काळपट्टीवर चिठ्ठ्या लावायच्या. नागरिकशास्त्र सहावी ते आठवीचं, दर धड्यामागे गावातलं एक ठिकाण. भूगोल वेगळा, आपल्या क्रमाने, नकाशासह. त्यात काळाची सांगड घालण्याचा अट्टहास केला नाही. एनसीईआरटी आईने स्वतः वाचण्यासाठी ठेवली. परदेशी संच परत गेला. शिवछत्रपतींचं चौथीचं पुस्तक आजोबांनी पूर्णपणे आपल्याकडे घेतलं, आणि शिवनेरी डोळ्यांसमोर असलेल्या घरात ते त्यांच्याकडेच असणं योग्य होतं.

काळपट्टीबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तिने फार काम केलं. कागदाची पट्टी भिंतीला, १० सेंटिमीटर म्हणजे १०० वर्षं. १९६० चा महाराष्ट्र मुलाच्या बोटाच्या पेरांवर मावला. शिवजन्म, १६३०, साधारण ४० सेंटिमीटरवर. सातवाहन दोन मीटरच्या आसपास. घोड नदीकाठचं इनामगाव, जिथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात ताम्रपाषाण काळातली शेतकऱ्यांची वस्ती मिळाली, ते साडेतीन मीटरच्या जवळ, म्हणजे दाराबाहेर. मग आजोबांनी बोरीचं नाव काढलं. कुकडी नदीकाठचं हे गाव त्यांच्याच तालुक्यातलं. तिथे ज्वालामुखीच्या राखेच्या थराबरोबर आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. राख किती जुनी यावर संशोधकांचं एकमत नाही. काहींच्या मते ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीची. काहींच्या मते कित्येक लाख वर्षांपूर्वीची. मुलाने हिशोब केला: ७४ मीटर, शेताच्या पलीकडे. आणि कित्येक लाख म्हटलं तर पट्टी गावाच्या वेशीबाहेर. अभ्यासक लोक भांडतात आणि तरी ते अभ्यासकच असतात, ही गोष्ट त्या दोघांना फार नवी होती.

नाणेघाटातही तसंच झालं. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकत असं सगळे सांगतात. गुहेत ब्राह्मी लिपीतला सातवाहनांचा लेख आहे, राणी नागनिकेशी जोडलेला. आईने त्याचा मराठी अनुवाद सोबत नेला होता. त्यात यज्ञांची नावं, दक्षिणा, दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणं म्हणजे त्या काळची नाणी. मुलाने विचारलं, "यात रांजण कुठाय?" रांजण नव्हता. म्हणजे लेखावरून कळतं ते एक, आणि लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले ते एक. दोन्ही साधनंच, पण वेगळ्या वजनाची. पट्टीवर त्याने दोन चिठ्ठ्या लावल्या, लेखाची निळी आणि ऐकीव गोष्टीची पिवळी.

आजोबांचं दप्तर

या घरातलं सर्वांत मोठं साधन कुठल्याच यादीत नव्हतं. निवृत्त तलाठी घरात असणं म्हणजे महसूल व्यवस्थेचा चालता-बोलता ग्रंथ घरात असणं. गावनमुने १ ते २१, म्हणजे तलाठ्याच्या नोंदवह्या, त्यांना तोंडपाठ. त्यांनी नातीला सातबारा वाचायला शिकवला: सातवर मालकी, बारावर पिकं, इतर हक्कांचा रकाना नेहमी नीट पाहायचा. मग जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी. एका फेरफारात तिच्या पणजोबांचं नाव होतं, कुळ म्हणून, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा म्हणून, आणि कसणाऱ्याला मालकी देणाऱ्या कुळकायद्याच्या कलम ३२ग चा उल्लेख. १९४८ चा कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, हे शब्द तिच्यासाठी एकदम घरातले झाले. ज्यांची जमीन कुळांकडे गेली त्या घराबद्दलही तिने विचारलं. आजोबांनी सांगितलं की ते घर पुण्याला गेलं आणि दोन्ही घरं अजून एकमेकांच्या लग्नाला जातात.

म्हणून आता कुणी मला अभ्यासक्रम विचारला की मी आधी विचारते, घरात आणि शेजारी कोण आहे. निवृत्त एसटी कंडक्टर असेल तर भूगोल त्याच्याकडे आहे. आशाताई असेल तर लोकसंख्या आणि आरोग्य तिच्याकडे. पुस्तक त्यानंतर निवडावं.

जे अडलं

सगळं सुरळीत झालं नाही. मुलगा नागरिकशास्त्राला कंटाळला आणि आम्ही त्याला सोडून दिलं. नऊव्या वर्षी विधिमंडळाची रचना कळली नाही तर काही बिघडत नाही. भूगोलात अक्षांश-रेखांश आणि स्थानिक वेळ आईला स्वतःलाच नीट समजावता येईना, तिथे गावातल्या एका शिक्षकाची मदत घ्यावी लागली. सर्वांत मोठी अडचण मुलीच्या लिखाणाची. ती तासभर बोलायची आणि चार ओळी लिहायची. पेपर देण्याची शक्यता खुली ठेवायची असेल तर हे चालणार नव्हतं. दुसऱ्या वर्षापासून आठवड्याला एक उत्तर, एनआयओएसच्या धड्यामागच्याच प्रश्नांतलं, पुस्तक मिटून आणि घड्याळ लावून. सुरुवातीला तिने फार कुरकुर केली. नंतर तिने स्वतःच एक युक्ती काढली: आधी 'कशावरून' ते लिहायचं, मग 'काय'. उत्तरं लांबली आणि सुधारलीही.

आईचा वेळ हा प्रश्न शेवटपर्यंत राहिला. अशा मांडणीत तयारी जास्त लागते, आणि ज्या घरात दोघंही दिवसभर बाहेर असतात तिथे मी ती सुचवणार नाही. त्यांनी बालभारती इयत्तेप्रमाणे घ्यावी, साधनांचा धडा वगळू नये आणि महिन्यातून एकदा मुलांना एखाद्या कार्यालयात, घाटात किंवा जुन्या माणसाकडे घेऊन जावं.

मुलगी आता पंधरा वर्षांची आहे. तिने सामाजिक शास्त्राचा पेपर घ्यायचं ठरवलं. मराठी, इंग्रजी, गणित आणि गृहविज्ञान हे बाकीचे. वडिलांनी एकदा चित्रकलेची आठवण करून दिली, तिने ऐकून घेतलं आणि अर्जात २१३ भरलं. दहावीच्या बालभारती भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे, ती परीक्षेला नसूनही तिला वाचायची आहे. मुलगा पट्टीवर आता सहावीच्या पुस्तकातला मगध लावतो आहे, आणि आई त्याच्यासाठी पाटण्याचा नकाशा शोधते आहे.